चौथ्या प्रोसेसरची यादी

१

बारकी अडतीस वर्षांची झाली होती आणि उंचीने घरात सगळ्यांच्या वर गेली होती, तरी घरचे तिला बारकीच म्हणत. ऑफिसात तिला दुसरं नाव होतं, पण ऑफिसातली माणसं या गोष्टीत फारशी येत नाहीत, तेव्हा आपणही बारकीच म्हणू.

आपलं काम काय, हे ती सांगायला लागली की समोरचा जांभई दाबायचा. एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक संगणक चालवायचे आणि त्यातल्या प्रत्येकाला भासवायचं, की बाबा रे, हे सगळं यंत्र तुझं एकट्याचंच. एका घरात सात बिऱ्हाडं आणि प्रत्येकाला वाटतंय घरमालक आपणच, असा तो प्रकार. हा भास सांभाळणाऱ्या प्रोग्रामला हायपरवायझर म्हणतात, त्याच्या गाभ्याला कर्नेल, आणि आत राहणाऱ्या संगणकाला पाहुणा. पाहुण्याला खरे प्रोसेसर मिळत नाहीत, आभासी मिळतात. प्रत्येक आभासी प्रोसेसरबरोबर एक यादी असते, त्याला काय काय येतं याची. एका पाहुण्याच्या सगळ्या प्रोसेसरांच्या याद्या तंतोतंत सारख्या हव्यात, नाहीतर पाहुणा भ्रमिष्ट होतो. या याद्या राखणं हे बारकीचं काम. बारा वर्षं ती ते मनापासून करत होती.

तिला हे काम शिकवलं मास्तरांनी. मास्तर म्हणजे टीममधले सगळ्यात जुने, चहात साखर न घालणारे आणि बोलण्यातही न घालणारे. त्यांचा नियम साधा होता. याद्या जुळवायच्या त्या पाहुण्याने पहिलं पाऊल टाकायच्या आधी. एकदा तो चालू लागला की यादीला कुलूप. पुढे कधी तपासणीत जुळलं नाही, तर पाहुण्याला थांबवायचं आणि माणसाला बोलवायचं. चालत्या पाहुण्याची जुळवाजुळव करायची नाही.

मास्तर निवृत्त झाले. मग कोपऱ्यातल्या खोलीतलं एक म्हातारं यंत्र बंद पडलं. त्या खोलीला सगळे वृद्धाश्रम म्हणत. त्या यंत्रात चार प्रोसेसरांचा एक फार जुना पाहुणा होता. तो कुणाचा, आत काय चालवतो, हे लिहिलेला कागद कधीच गहाळ झाला होता. बारकीने त्याला चालता चालताच उचलून नव्या यंत्रावर नेलं. नेताना दुसऱ्या प्रोसेसरच्या यादीतली एक ओळ गळली. बाकी तिघांकडे ती जुन्या यंत्रावरून आलेली टिकून होती, पण नव्याने घालता येईना, कारण नव्या यंत्राला ती ओळ ठाऊकच नव्हती. मग तपासणी झाली की पाहुणा थांबायचा आणि टीमच्या साहेबांच्या फोनवर लाल खूण यायची. त्या साहेबांना सगळे घाईसाहेब म्हणत, यावरून काय ते समजा.

"अहो मॅडम, थांबवू नका ना," ते म्हणाले. "एकाकडे नाही तर बाकीच्यांकडूनही काढून टाका. झाले सारखे! कुणाला कळतंय?"

शुक्रवार होता, बारकी दमली होती. मास्तरांची थांबवण्याची ओळ तिने काढली आणि आपली घातली: ज्याच्याकडे सर्वांत कमी, त्याच्यासारखं बाकीच्यांना करायचं. पाहुण्याला धक्का बसू नये म्हणून एका सोमवारी एकाच प्रोसेसरला. लाल खूण गेली. घाईसाहेबांनी शाबासकी दिली, आणि खरं सांगायचं तर तिला ती आवडलीही.

२

रविवारी ती घरी जायची. अर्ध्या तासाचा बसचा रस्ता. घरात आई, बाबा आणि ताई. ताई शाळेत गणित शिकवायची, आणि घरातही सगळ्यांच्या चुका लाल पेनाने काढल्यासारखी बोलायची.

पूर्वी घरात पाचवं माणूस होतं, आत्या. बाबांची थोरली बहीण. जिन्याच्या वरची खोली तिची. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तीस वर्षं हेडफोन लावून लावून तिच्या केसांत डोक्यावरून आडवी अशी एक खाच पडली होती. निवृत्त झाल्यावरही ती बुजली नाही, कितीही विंचरलं तरी. लहानपणी बारकी मागे बसून त्या खाचेतून बोट फिरवायची आणि आत्या डोळे मिटून घ्यायची. दोघी बहिणी भांडायला लागल्या की आत्या वरून आपल्या ऑफिसातल्या आवाजात सांगायची, "दोन्हीकडच्यांनी आवाज खाली घ्यावा, नाहीतर लाइन तोडण्यात येईल!" भांडण तिथेच संपायचं. एक्स्चेंजचा जुना बोर्ड भंगारात निघाला तेव्हा तिने त्याची एक कॉर्ड बारकीसाठी आणली होती. टोकाला पितळी पिन असलेली. "हजार माणसं एका बोर्डावर असतात," ती म्हणायची, "पण ज्याला त्याला वाटतं, लाइन फक्त माझीच." बारकी पुढे या धंद्यात आली ती त्या एका वाक्यामुळे. आत्या गेली तेव्हा बारकी कॉलेजात होती, परीक्षा होती, आणि शेवटच्या दिवशी तिला पोचता आलं नाही. ते तिच्या मनातून कधीच गेलं नाही.

त्या रविवारी सगळे टेबलाशी बसले होते. कशावरून तरी बारकी म्हणाली, "आत्या असती तर हसली असती."

आई कप पुसता पुसता म्हणाली, "कोण आत्या?"

ताई खो खो हसली. "आई, बास हं! नणंदेवर एवढा राग?"

आई हसली नाही. तिने दोघींकडे पाळीपाळीने पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, नुसतं कुतूहल होतं. बाबा एवढंच म्हणाले, "वय होतंय तिचं."

आईला बहात्तरावं लागलं होतं. बारकीला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. ती वर गेली. खोली होती तशी होती. खाट, रेडिओ, खिळ्याला लटकवलेली कॉर्ड. फक्त खाट दोन्हीकडून भिंतींना टेकली होती. तिला आठवत होतं, की पायथ्याशी एक स्टूल मावायचं, त्यावर बसूनच ती आत्याशी गप्पा मारायची. लहानपणी खोल्या मोठ्याच दिसतात, असं तिने स्वतःला समजावलं आणि खाली आली.

३

सोमवारी सकाळी नऊला तपासणी झाली. नोंदीत एक ओळ आली: तिसरा प्रोसेसर, एक ओळ कमी केली. बारकीने ती वाचली, मान डोलावली आणि दुसऱ्या कामाला लागली.

पुढच्या रविवारी तिने ताईला बाजूला घेतलं. आईला डॉक्टरांकडे न्यायचं का, हे विचारायचं होतं.

"का? काय झालं आईला?"

"अगं, आत्याचं. गेल्या रविवारी विसरली नव्हती का?"

"कुठली आत्या?" ताई म्हणाली. "बाबांना बहीण कुठे आहे?"

बारकीला वाटलं, ही मागची चेष्टा आता उलटवतेय. "पुरे हं ताई. तू तिच्या उशाशी अकरा रात्री काढल्यास दवाखान्यात. मला कळवू नका म्हणालीस, परीक्षा आहे म्हणून. आजही मला त्याचा राग येतो."

ताईने हातातल्या वह्या खाली ठेवल्या, जवळ आली आणि बारकीच्या कपाळावर तळवा टेकवला. लहानपणी ताप बघायची तसा. "काम कमी कर गं," ती फार मायेने म्हणाली.

बारकी वर धावली. दार होतं. आत एक माणूस जेमतेम उभं राहील एवढी जागा, आणि त्यात झाडू, बादल्या, एक फाटकी छत्री. खाट ठेवायचं म्हटलं तरी तिथे मावली नसती.

ती खाली आली तेव्हा बाबा अंगणात पायरीवर बसले होते. त्यांनी तिला खुणेने बोलावलं, घराकडे एकदा पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "बारके, तुला आठवते ना ती?"

"आठवते, बाबा."

"केसांतली खाच?"

"आठवते."

बाबांनी तिचा हात घट्ट धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी या दोघींना सांगायचं सोडून दिलं. मला वाटलं, माझंच डोकं गेलं. तू आहेस ना? आपण दोघं आहोत ना?"

"आहोत," ती म्हणाली. "रोज फोन करीन मी. रोज तिच्याबद्दल बोलू."

४

दुसऱ्या दिवशी नोंद आली: पहिला प्रोसेसर, एक ओळ कमी केली.

संध्याकाळी तिने फोन लावला. "बाबा, मी. सांगा, आत्याने तुम्हाला सायकल कशी शिकवली?"

"कोणी?"

"आत्याने. तुमच्या बहिणीने."

बाबा मोकळं हसले. कालचं ओझं कुठच्या कुठे गेलं होतं. "मला कुठली बहीण? मी एकटाच. सायकल मी आपली आपणच शिकलो, गुडघे फोडून. आज एकदम सायकल कशी काय आठवली?"

तिने फोन ठेवला आणि नोंदी पुन्हा उघडल्या. मग तिच्या मनात पाल चुकचुकली. आधी दुसरा, मग तिसरा, मग पहिला. आई, ताई, बाबा. वयाप्रमाणे मोजले तर बाबा पहिले, आई दुसरी, ताई तिसरी. ती स्वतःवरच चिडली. चार प्रोसेसरांचे पाहुणे जगात लाखांनी असतील, चार माणसांची घरंही. उद्या कपबशांचा आणि ग्रहताऱ्यांचा संबंध जोडशील, असं तिने स्वतःला सुनावलं. तरी चौथ्या प्रोसेसरची यादी तिने उघडून पाहिली. ती एक ओळ अजून तिथे होती, बाकी तिघांकडे नसलेली. पुढची तपासणी सोमवारी नऊ वाजता.

तिने मास्तरांना फोन लावला. घरचं काही सांगितलं नाही, फक्त कामाचं सांगितलं.

"चालत्या पाहुण्याच्या यादीला हात लावलास?" मास्तर ओरडले नाहीत, हेच वाईट होतं. "कुणी सांगितलं? त्या घाईनेच ना?"

"केलं मीच, मास्तर. परत घालता येईल का?"

"कुठून घालशील? ज्या यंत्राला ते येत होतं ते भंगारात गेलं. अगं, थांबलेला पाहुणा पुन्हा चालू करता येतो. बदललेला परत मिळत नाही. म्हणून थांबवायचं असतं." मग त्यांनी विचारलं, "किती उरलेत?"

"एक."

"मग माझी ओळ परत घाल. सोमवारच्या आत."

तो आठवडा तिने आत्याला घोकण्यात घालवला. परीक्षेला बसल्यासारखं. तिचा चष्मा, तिचं उभ्या उभ्या चहा पिणं, फोन उचलताना उगाच ताठ होणारी तिची मान. हे सगळं आता जगात एकाच डोक्यात होतं आणि ते डोकं सोमवारी नऊला तपासलं जाणार होतं. असलं काही खरं नसतं, हेही ती रोज स्वतःला सांगत होती. दोन्ही एकदम मनात ठेवून ती जेवत होती, बसमध्ये चढत होती, घाईसाहेबांना हो हो म्हणत होती.

५

रविवारी सकाळी ऑफिसात कुणी नव्हतं. वृद्धाश्रमातले पंखे तेवढे घुमत होते. बारकीने आपली ओळ काढली, मास्तरांची परत घातली, कर्नेल नव्याने चढवलं आणि तपासणी हाताने चालवली.

पडद्यावर आलं: याद्या जुळत नाहीत. पाहुणा थांबवला.

तिला इतकं हलकं वाटलं, की एकटीच हसली. आता तो पाहुणा थांबेना का वर्षभर, कुणाचं काय अडतंय? साहेबांची लाल खूण आपण सोसू. तिची आत्या तिच्याकडे राहिली होती. येते आहे म्हणून सांगावं, या विचाराने तिने घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. ताईचा मोबाइल वाजत राहिला. बाबांचाही.

रविवारी सकाळी अकराला तिघंही घरी नाहीत असं आजवर झालं नव्हतं. लॅपटॉप पिशवीत कोंबून तिने बस पकडली. अर्धा तास ती फोन लावत होती, आणि शेजारची बाई तिच्याकडे काळजीने बघत होती.

६

दाराला नुसती कडी होती. तिने हात घालून काढली.

तिघंही टेबलाशी होती. बाबा चष्म्याची काच सदऱ्याच्या टोकाने पुसत होते. ताईचं लाल पेन वहीवर टेकलं होतं. आई उभी राहून चहा ओतत होती आणि चहाची धार किटलीपासून कपापर्यंत उभी होती. पडत नव्हती, नुसती उभी होती. वाफसुद्धा जिथल्या तिथे होती.

"आई," बारकी म्हणाली. मग ओरडली. तिने बाबांच्या हाताला हात लावला. हात उबदार होता आणि जरासुद्धा हलत नव्हता. ती खुर्चीत बसली. फिट, विषारी वायू, तिचं स्वतःचं वेड, जे जे सुचलं ते सगळं तिने एकेक करून पाहिलं. पण उभ्या धारेला त्यातलं एकही कारण लागू पडेना.

तिने लॅपटॉप उघडला. पाहुण्याच्या चार प्रोसेसरांची स्थिती मागितली. पहिला, थांबला. दुसरा, थांबला. तिसरा, थांबला. चौथ्यापुढे लिहिलं होतं: वाट पाहतो आहे.

तेवढ्यात वरून खट्ट असा आवाज आला. लहानसा, स्वच्छ, धातूचा. पितळी पिन भोकात बसल्याचा.

बारकी जिन्याच्या तळाशी जाऊन उभी राहिली. वरचं दार उघडं होतं आणि खोली पूर्वीएवढी होती, खाट होती, पायथ्याशी स्टूल होतं. स्टुलावर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. खिडकीच्या उजेडात केस दिसत होते, आणि केसांतली खाच.

"आत्या," बारकी म्हणाली. तिला रडू फुटलं. "आत्या, मला कुणी कळवलंच नाही गं. मी आले असते. परीक्षा सोडून आले असते."

पाठमोरी आकृती वळली नाही. नुसतं डोकं थोडं कललं, लांबची लाइन नीट ऐकू यावी म्हणून ती कलवायची तसं. मग तो आवाज आला, सगळ्यांशी सारखाच गोड बोलणारा, ऑफिसातला. पूर्वी लांबच्या कॉलवर ठरावीक वेळाने ऑपरेटर मध्ये येऊन विचारायची, तेच तिने विचारलं.

"तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

पंधरा पायऱ्या होत्या. वर जाऊन त्या खाचेतून एकदा बोट फिरवायचं, एवढंच बारकीला हवं होतं. आयुष्यात दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं. तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मागे वळून पाहिलं. बाबांच्या हातात अर्धवट पुसलेला चष्मा होता. ते तिच्याकडे नाही, नुसतं समोर बघत होते. ओळ ठेवली आणि वर गेलं, तर ते तसेच राहणार. आईची धार तशीच, ताईचं पेन तसंच. त्यांना कळणारही नाही, पाहुण्यांना कधीच कळत नाही. पण तिला कळणार होतं.

"वाढवायची का?" आवाजाने पुन्हा विचारलं. अजिबात घाई न करता.

बारकी किती वेळ तिथे उभी होती हे सांगता येणार नाही, कारण घरातलं घड्याळही थांबलेलं होतं. तिने आत्याला सगळं सांगितलं. नोकरीचं, भाड्याच्या खोलीचं, त्या एका वाक्यामुळे आपण कुठे पोचलो त्याचं. आपलं तिच्यावर फार प्रेम होतं हेही सांगितलं, जे जिवंतपणी सांगायचं राहून गेलं होतं. पाठमोरी आकृती ऐकत होती.

"नको," शेवटी बारकी म्हणाली. "नको वाढवू, आत्या."

ती टेबलाशी येऊन बसली. चौथ्या प्रोसेसरची यादी उघडली. ती एक ओळ निवडली. आणि पुसली. मग पाहुणा चालू केला.

वरून खट्ट आवाज आला, पिन बाहेर ओढल्याचा.

७

चहा कपात पडला. कप भरला, आईने किटली खाली ठेवली आणि दचकली.

"अगोबाई! ही कधी आली? दार उघडंच होतं का?"

"पाय न वाजवता येते ही," ताई वहीतून मान वर न करता म्हणाली. "लहानपणापासूनची खोड आहे."

बाबांनी चष्मा लावला आणि बारकीकडे नीट पाहिलं. "रडलीस का गं?"

"बसमध्ये धूळ होती." बारकीने डोळे पुसले. ते तिघं हलत होते, बोलत होते, एकमेकांच्या मध्ये तोंड घालत होते, आणि तिला त्यांना पुन्हा पुन्हा हात लावून पाहावंसं वाटत होतं. तिने लॅपटॉप मिटला. आईने आणखी एक कप घेतला, भरला आणि तिच्यापुढे सरकवला.

"आत्ता ओठ हलत होते तुझे," आई म्हणाली. "कुणाशी बोलत होतीस?"

बारकीने कप उचलला. सांगायला तोंड उघडलं. नाव अजून जिभेवर होतं, चेहरा जवळजवळ होता, केसांत काहीतरी होतं, काय ते आता आठवेल असं वाटत होतं.

"कुणाशीच नाही," ती म्हणाली, आणि चहा संपेपर्यंत ते खरं झालं होतं.